आधी दवाखाना, मग कॉलेज

डेंटलला जायचंय? मग यादी पाठ असेलच. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, वयाची सतरा वर्षं पूर्ण, मग नीट, मग कॅप राउंड आणि शेवटच्या दिवसापर्यंत एक कागद कमीच पडणारी ती फाइल. अमेरिकेतल्या मुलांची यादी याहून लांब आहे. तिथे बारावीनंतर थेट डेंटल नाही. आधी कॉलेजात बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, सगळं लॅबसकट करायचं. बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही मागतात. मग डॅट नावाची परीक्षा. शिवाय एखाद्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये त्याच्या मागे उभं राहून काम बघितलंय, हेही अनेक कॉलेजांना दाखवावं लागतं. त्याला ते शॅडोइंग म्हणतात.

यादी कितीही लांब असली तरी तिचं एक बरं असतं. काय कमी पडलं ते कळतं. पण यादीतलं सगळं हातात असताना, यादीत कुठेच न लिहिलेल्या कारणावरून फॉर्म परत आला तर? १८६१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ल्युसी हॉब्ज नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचं हेच झालं. पाच वर्षांनी ती डेंटिस्ट्रीची पदवी मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली. डेंटलच्या विद्यार्थ्यांनी तिचं नाव ऐकलेलं असतं, पण बहुतेक वेळा एका ओळीत, ‘पहिल्या स्त्रिया’ छापाच्या यादीत. खरी गंमत त्या मधल्या पाच वर्षांत आहे.

ल्युसीचा जन्म १४ मार्च १८३३ चा, न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेकडच्या भागातला, कॅनडाच्या सरहद्दीजवळचा. दहा भावंडांत सातवी. आई लवकर गेली. घर चालवायला हातभार म्हणून ती लहान वयातच शिवणकाम शिकली. हे शिवणकाम लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. मलोन गावच्या फ्रँकलिन अ‍ॅकॅडमीतून १८४९ साली तिचं शालेय शिक्षण संपलं. त्याच वर्षी एलिझाबेथ ब्लॅकवेल ही अमेरिकेतली पहिली पदवीधर स्त्री डॉक्टर झाली होती. म्हणजे मुलीने डॉक्टर होणं अशक्य राहिलं नव्हतं, पण फारसं शक्यही नव्हतं. शिकलेल्या मुलीला सरळ मिळणारं काम एकच, शाळेत शिकवणं. ल्युसीने तेच केलं. मिशिगन राज्यातल्या ब्रुकलिन नावाच्या गावात ती शिक्षिका झाली आणि शिकवण्यात तिची दहा वर्षं गेली.

या दहा वर्षांबद्दल चरित्रांमध्ये फार काही सापडत नाही. मला मात्र तीच महत्त्वाची वाटतात, कारण याच काळात तिने गावातल्या डॉक्टरकडे शरीरशास्त्र शिकायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर, कोणत्याही कॉलेजात नाव नसताना. आजच्या भाषेत सांगायचं तर तिने प्री-मेडिकल स्वतःच उरकून घेतलं. त्याचं ना मार्कशीट, ना क्रेडिट.

१८५९ साली नोकरी सोडून ती सिनसिनाटीला गेली. ओहायो नदीच्या काठचं मोठं शहर, आणि वैद्यकीय कॉलेजांसाठी तेव्हा नावाजलेलं. तिला तिथल्या एक्लेक्टिक मेडिकल कॉलेजात शिकायचं होतं. प्रवेश नाकारला गेला. कारण बाई. तिथल्याच प्राध्यापक चार्ल्स क्लीव्हलँड यांनी तिला खासगीत शिकवायची तयारी दाखवली, आणि काही काळ शिकवल्यावर एक सल्ला दिला. वैद्यकीय नको, दातांकडे वळ. बाईला ते जास्त शोभेल, असा त्यामागचा विचार होता. सल्ला चांगला, पण त्यामागचं तर्कशास्त्र बघा. रात्री-अपरात्री रोग्याच्या घरी धावावं लागत नाही, एका खोलीत बसून काम, हात नाजूक. आजही मुलींना डेंटल सुचवणारे काका-मामा जवळपास हेच बोलतात.

ल्युसीने सल्ला मानला. आता प्रश्न असा की डेंटिस्ट व्हायला तेव्हा काय लागायचं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण तो काळ आपल्याला सहज कळत नाही. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं १८४० मध्ये, बाल्टिमोरला. दुसरं ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी, १८४५ मध्ये, याच सिनसिनाटीत. बारावीसारखी परीक्षा नाही, एन्ट्रन्स नाही, सायन्सचे मार्क नाहीत. मुख्य अट होती उमेदवारीची. एखाद्या कामात मुरलेल्या डेंटिस्टच्या हाताखाली राहायचं, त्याची हत्यारं धुवायची, तो काय करतो ते बघायचं आणि जमेल तसं हाताने करून शिकायचं. मग कॉलेजात हिवाळ्यातली दोन सत्रं, प्रत्येक साधारण चार महिन्यांचं. त्या काळातल्या अशा कॉलेजांमध्ये दुसऱ्या सत्रालाही बरीचशी पहिलीच व्याख्यानं पुन्हा असायची. शेवटी प्रबंध, परीक्षा आणि प्रात्यक्षिक. झाला डेंटिस्ट. आणि जो जुना, कामात तयार झालेला माणूस असेल त्याची कामाची वर्षं पहिल्या सत्राऐवजी धरायची पद्धतही तेव्हाच्या डेंटल कॉलेजांत होती. ही पद्धत पुढे फार कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून चकित करणारी. कॉलेजात न जाताही दवाखाना काढता यायचा. ओहायो राज्यात दंतवैद्यकावर कायदा आला तो १८६८ मध्ये. त्याआधी तिथे ज्याला दात काढता येतात असं वाटेल त्याने खुशाल पाटी लावावी. रोग्यांचे हाल काय होत असतील याची कल्पनाच केलेली बरी. पायाने चालवायचं ड्रिलसुद्धा १८७१ साली आलं. तोवर कीड लागलेला भाग हातातल्या हत्याराने कोरून काढायचा, आणि सोन्याचा पातळ पत्रा थोडा थोडा ठोकत त्या खड्ड्यात बसवायचा. बधिर करायचं इंजेक्शन नव्हतं. इथर होतं, पण ते दर वेळी द्यायची गोष्ट नव्हती. काम कौशल्याचं होतं, ताकदीचंही होतं, आणि रोग्याचा हात मध्येच तुमच्या मनगटावर यायचा.

तर पहिली अट उमेदवारी. ती मिळवायलाच ल्युसीला दारोदार फिरावं लागलं. मुलगी दातांचं काम शिकायला आली आहे हेच लोकांना विचित्र वाटत होतं. कुणी साफ नाही म्हणालं. कुणी म्हणालं, दवाखाना झाडायचं काम घे आणि काम बघत जा. (आम्हा इंटर्न मंडळींना हे वाचून काही आठवलं तर तो निव्वळ योगायोग.) शेवटी तिला आपल्या दवाखान्यात घेतलं ते जोनाथन टाफ्ट यांनी. हे टाफ्ट म्हणजे ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीचेच डीन. तीन महिने ती त्यांच्याकडे शिकली, आणि त्यानंतर सॅम्युअल वॉर्डल यांच्याकडे तिची रीतसर उमेदवारी सुरू झाली. वॉर्डल त्याच कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. दिवसभर दवाखाना, आणि रात्री शिवणकाम. उमेदवारीत पैसे मिळत नव्हते, तेव्हा शहरात राहण्याचा खर्च सुईदोऱ्यावर चालला होता.

उमेदवारी झाली. शरीरशास्त्राची तयारी होती. १८६१ मध्ये तिने कॉलेजात अर्ज केला. ज्या कॉलेजच्या डीनने तिला स्वतःच्या खुर्चीशेजारी उभं करून शिकवलं होतं, त्याच कॉलेजाने तिला प्रवेश नाकारला. कारण पुन्हा तेच, बाई.

टाफ्टबद्दल काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दवाखान्याचा मालक म्हणून त्यांनी दार उघडलं, आणि डीन म्हणून त्यांच्याच संस्थेचं दार बंद राहिलं. त्यांचं एकट्याचं मत तिथे चालत नसेलही. पुढे मात्र ते तिच्या बाजूने उभे राहिले, आणि आणखी दहा-बारा वर्षांनी मिशिगन विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजचे पहिले डीनही झाले. काही माणसं धाडस हप्त्याहप्त्याने करतात, हे त्यातलेच असावेत.

आता ल्युसीसमोर पर्याय काय? घरी परतणं, पुन्हा शाळेत शिकवणं. किंवा कायदा नसल्याचा फायदा घेणं. पदवीशिवाय दवाखाना काढायला तिला कुणी अडवू शकत नव्हतं. १८६१ च्या वसंतात तिने सिनसिनाटीत स्वतःची पाटी लावली. आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं. नदीच्या पलीकडे केंटकी, म्हणजे गुलामगिरी चालू असलेलं राज्य. अशा शहरात नवा दवाखाना, नवखी डॉक्टर, त्यात बाई. चालणार कसा? तिने कर्ज काढलं आणि पश्चिमेला आयोवा राज्यात निघून गेली.

नदीकाठची खुर्ची

मिसिसिपीच्या काठावरचं बेलव्ह्यू हे छोटं गाव. तिथे ती वर्षभर राहिली, कर्ज फेडलं, आणि शंभर डॉलर मोजून स्वतःची डेंटल खुर्ची घेतली. १८६२ मध्ये ती त्याच नदीच्या वरच्या अंगाला मॅकग्रेगरला गेली. बोटींची ये-जा, गव्हाचा व्यापार, पैसा खेळणारं गाव. तीन वर्षं तिने तिथे काम केलं. दात काढणारी बाई म्हणून ती ओळखली जाऊ लागली. सुरुवातीला हे नाव कुतूहलाने घेतलं गेलं असेल, पण कुतूहल म्हणून कुणी आपला दुखरा दात तीन वर्षं कुणाच्या हातात देत नाही. काम चांगलं होतं म्हणून लोक येत राहिले.

या काळाकडे थोडं आपल्या नजरेने पाहू या. आपल्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी पात्रता, मग प्रवेश, मग शिक्षण, शेवटच्या वर्षी इंटर्नशिप आणि मग काम. ल्युसीने हा क्रम उलट्या टोकाकडून चालायला घेतला होता. आणि तिचं काम झाकून राहिलं नाही. आयोवातले डेंटिस्ट तिला ओळखत होते, तिच्या हातचं काम त्यांच्या रोग्यांच्या तोंडात दिसत होतं. जुलै १८६५ मध्ये आयोवा राज्याच्या डेंटल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. राज्य पातळीवरच्या दंतवैद्यक संघटनेत आलेली ती पहिली स्त्री. नुसतं सभासद करून मंडळी थांबली नाहीत. तिला कॉलेजात घ्या, यासाठी त्यांनी जोर लावला. इतकी वर्षं ती एकटी दार वाजवत होती. आता तिच्या बाजूने एक अख्खं राज्य बोलत होतं, आणि बोलणारे पुरुष होते. हे शेवटचं लिहिताना थोडं चिडायला होतं, पण झालं ते असंच.

नोव्हेंबर १८६५ मध्ये ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीने तिला प्रवेश दिला, थेट शेवटच्या वर्गात. तिची प्रॅक्टिसची वर्षं पहिल्या सत्राच्या जागी धरली गेली. म्हणजे कॉलेजाने नाकारल्यामुळे जी वर्षं तिने बाहेर काढली, तीच वर्षं कॉलेजाने तिचा अभ्यासक्रम म्हणून मोजली. नियम जुनाच होता, तो तिला लावायची तयारी तेवढी नवी होती.

मराठी वाचकाला इथे एक तारीख आठवेल. त्या नोव्हेंबरमध्ये आनंदीबाई जोशी सात-आठ महिन्यांच्या होत्या. मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. त्या अमेरिकेला पोचल्या १८८३ मध्ये आणि फिलाडेल्फियातल्या खास स्त्रियांसाठी असलेल्या मेडिकल कॉलेजात शिकल्या. ल्युसीला अशी वेगळी सोय मिळाली नाही. तिचा सगळा वर्ग पुरुषांचा होता.

चार महिने ती वर्गात बसली. समोर उभे राहून शिकवणाऱ्यांपैकी काहींना ती आधीपासून ओळखत होती. शेजारी बसलेल्या मुलांपैकी कितींनी स्वतःच्या नावाने दवाखाना चालवला होता, कोण जाणे. तिने चार वर्षांहून जास्त चालवला होता, तोही युद्धाच्या काळात. २१ फेब्रुवारी १८६६ रोजी तिला डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी ही पदवी मिळाली. टाफ्ट यांनी नंतर तिच्या अभ्यासाचं आणि हाताच्या कौशल्याचं मोकळेपणाने कौतुक केलं.

तिच्या आधी बायका दातांचं काम करत नव्हत्या असं नाही. कनेटिकटमधल्या एमेलिन रॉबर्ट्स जोन्स यांनी १८५५ पासून डेंटिस्ट नवऱ्याच्या दवाखान्यात काम सुरू केलं होतं आणि नवरा गेल्यावर तो एकटीने चालवला. पदवीचा कागद मात्र आधी ल्युसीच्या हातात आला. आणि कागदाला अर्थ होता. तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, जर्मनीहून आलेली हेन्रिएट हिर्शफेल्ड फिलाडेल्फियाच्या डेंटल कॉलेजातून पदवी घेऊन बर्लिनला परतली आणि तिथे तिने दवाखाना काढला. बाईला डेंटलची पदवी देता येते का, हा प्रश्न तिच्या वेळी नव्याने सोडवायचा नव्हता.

ओहायोचा कायदा १८६८ चा, हे मघाशी सांगितलं. ल्युसीच्या पदवीनंतर फक्त दोन वर्षांनी. कायदे आले हे उत्तमच झालं, भोंदू दातकाढ्यांपासून लोक वाचले. हळूहळू कॉलेजांच्या अटीही वाढत गेल्या. १९२६ मध्ये विल्यम गाइस यांनी अमेरिकेतल्या दंतवैद्यक शिक्षणावर मोठा अहवाल लिहिला. दातांचा डॉक्टर व्हायचं तर आधी कॉलेजात विज्ञान शिकून या, ही आजची प्रीडेंटलची कल्पना त्यानंतर पक्की होत गेली. पण हे सगळं थोडं आधी झालं असतं तर? कामाची वर्षं अभ्यासक्रम म्हणून धरायची सोय नसती, पदवीशिवाय पाटी लावायची मुभा नसती, तर १८६१ चा नकार हाच ल्युसीच्या गोष्टीचा शेवट झाला असता. नियमांनी रोग्यांचं भलं केलं हे मान्य, पण ज्या फटीतून ती आत शिरली ती याच नियमांनी पुढे बुजवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ घालायच्या भानगडीत मी पडत नाही.

आणखी एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ज्या आयोवाने ल्युसीला आपलं म्हटलं, त्याच राज्याच्या विद्यापीठातून १९१५ मध्ये रफिउद्दीन अहमद नावाचा बंगाली तरुण डेंटिस्ट होऊन बाहेर पडला. भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज त्यांनीच १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू केलं. आज आपल्याकडच्या कोणत्याही डेंटल कॉलेजच्या वर्गात डोकावलं तर बाकांवर मुलीच जास्त दिसतात.

गुरू बायको, शिष्य नवरा

पदवीनंतर ल्युसी शिकागोला गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये आयोवाच्या सोसायटीपुढे तिने निबंध वाचला. राज्याच्या डेंटल सोसायटीपुढे बोलणारी ही पहिली स्त्री, आणि ऐकणारे तेच, ज्यांनी वर्षापूर्वी तिच्यासाठी भांडण मांडलं होतं. शिकागोतच तिला जेम्स टेलर भेटला. यादवी युद्धात लढलेला, आणि आता रेल्वेचे डबे रंगवणारा. १८६७ च्या एप्रिलमध्ये त्यांचं लग्न झालं.

आणि मग तिने नवऱ्याला डेंटिस्ट्री शिकवली. जी उमेदवारी मिळवायला तिला सिनसिनाटीभर हिंडावं लागलं, ती जेम्सला घरातच मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी गेले आणि तिथे त्यांचा एकत्र दवाखाना उभा राहिला. बायका आणि मुलं तिच्याकडे, पुरुष त्याच्याकडे, अशी कामाची वाटणी होती. रेल्वेचे डबे रंगवणारा हात सोन्याचा पत्रा बसवायला तयार करणं सोपं नसणार, पण दहा वर्षं शाळामास्तरीण होती ती. दवाखाना जोरात चालला, सुमारे वीस वर्षं.

१८८६ च्या डिसेंबरमध्ये जेम्स गेला. त्यानंतर ल्युसीने दवाखान्यातलं काम बरंच कमी केलं आणि गावातल्या संस्थांमध्ये, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत ती रमली. व्हर्मोंट स्ट्रीटवरच्या घरात ती राहायची. ते घर लॉरेन्समध्ये अजून उभं आहे. १९०० सालापर्यंत अमेरिकेत जवळपास हजार स्त्रिया या व्यवसायात आल्या होत्या आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या स्त्री डेंटिस्टांची संघटना आज आपला मोठा पुरस्कार तिच्याच नावाने देते.

३ ऑक्टोबर १९१० रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी ती गेली. कॅन्ससमधल्या बायकांना सगळ्या निवडणुकांमध्ये मत द्यायचा हक्क मिळाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९१२ मध्ये.